एमबीए अमेरिकेत की युरोपात? आधी पहिली नोकरी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, इंजिनिअरिंगची पदवी, सहा वर्षं उत्पादन नियोजन आणि सप्लाय चेनचं काम, लग्न झालेलं, पत्नीही नोकरी करते. एमबीएनंतर स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे आणि निदान काही वर्षं परदेशातच काम करायचं आहे. अमेरिकेतलं दोन वर्षांचं एमबीए घ्यावं की युरोपातलं एक वर्षाचं? रँकिंगमध्ये तर दोन्हीकडची स्कूल्स शेजारी शेजारी दिसतात.

एमबीएच्या अर्जदारांबरोबर मी बरीच वर्षं काम करतो आहे. निबंध, मुलाखती, आणि शेवटी हातात आलेल्या ऑफरपैकी कोणती घ्यायची यावरचा वाद, हे सगळं त्यात येतं. लोक ‘अमेरिका की युरोप’ हा प्रश्न दर्जाचा समजून सोडवायला बसतात आणि तिथेच घोडं अडतं. वरच्या पातळीवर दर्जाचा फरक इतका बारीक आहे की त्यावर आयुष्यातली दोन वर्षं ठरवू नयेत. कंपन्या प्रत्येक बी-स्कूलमध्ये ठरावीक शहरांसाठी, ठरावीक कामांसाठी आणि ठरावीक महिन्यांत माणसं घ्यायला येतात. म्हणून उलटीकडून सुरुवात करा. एमबीएनंतरची पहिली नोकरी कोणत्या शहरात आणि कोणत्या कामात हवी? तिथे कामाचा परवाना कसा मिळतो? आणि तिथली भरती कधी होते? या तीन उत्तरांत स्कूल बहुतेक ठरून जातं.

दोन वर्षं आणि एक वर्ष हा फरक कुठून आला तेही पाहून घ्या. हार्वर्डने १९०८ मध्ये एमबीए सुरू केलं ते दोन वर्षांचं. पुढे वर्गात कामाचा अनुभव असलेले विद्यार्थी येऊ लागले, तरी साचा तोच राहिला आणि मधला उन्हाळा इंटर्नशिपसाठी पक्का झाला. युरोपात ही पदवी उशिरा रुजली. हार्वर्डमध्येच शिकवणाऱ्या जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये पॅरिसजवळ फॉन्तेनब्लोला इन्सिआड स्थापन झालं, आणि तिथे दोन वर्षांचा ऐवज एका वर्षात बसवला गेला. आज इन्सिआडचं एमबीए दहा महिन्यांचं आहे. लोझानचं आयएमडी, ऑक्सफर्डचं सईद आणि केंब्रिजचं जज हीसुद्धा एक वर्षाचीच.

पण ‘युरोप म्हणजे एक वर्ष’ हे समीकरण अर्धंच खरं. लंडन बिझनेस स्कूलचं एमबीए १५, १८ किंवा २१ महिन्यांत पूर्ण करता येतं. एचईसी पॅरिसचं १६ महिन्यांचं आहे. बार्सिलोनाच्या आयईएसईचं १५ किंवा १९ महिन्यांचं. ते १९६४ मध्ये हार्वर्डच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालं होतं आणि आजही केस पद्धतीवरच, म्हणजे खऱ्या कंपन्यांच्या प्रसंगांवर चर्चा करून शिकण्यावर चालतं. तिकडे अमेरिकेतही कोलंबियाला जानेवारीत प्रवेश घेतला तर १६ महिन्यांत पदवी मिळते, केलॉग आणि कॉर्नेलला एक वर्षाचा पर्याय आहे. म्हणजे खंडापेक्षा खरा फरक आहे तो मधल्या उन्हाळ्याचा. तो मिळतो की नाही, एवढं आधी विचारा.

त्या उन्हाळ्याबद्दल सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात.

दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप म्हणजे कंपनीसाठी लांबलेली मुलाखत असते. तुम्ही पूर्वी काय करत होतात याच्याशी नव्या कामाचा संबंध नसेल, तर कंपनीला धोका पत्करण्याआधी तुम्हाला वापरून पाहायचं असतं. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये हे टोकाला गेलेलं आहे. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँका एमबीएची भरती मुख्यतः आपल्या उन्हाळी इंटर्नमधूनच करतात. बँकिंगचा काहीच अनुभव नाही आणि वॉल स्ट्रीटवर जायचं आहे, अशा माणसाने दहा महिन्यांचं एमबीए निवडलं तर रस्ता जवळपास बंद होतो. कोलंबियाच्या जानेवारी तुकडीलाही उन्हाळी इंटर्नशिप नसते, ही बाब प्रवेश घेऊन झाल्यावर कळलेले लोक मी पाहिले आहेत. मोठ्या टेक कंपन्यांतल्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागा, नामांकित ग्राहकोपयोगी कंपन्यांतली ब्रँड मॅनेजमेंट, इथेही इंटर्नशिपचं वजन फार.

कन्सल्टिंगचं तसं नाही. मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांची भरती केस मुलाखतीवर, म्हणजे समोर ठेवलेला एखादा व्यावसायिक प्रश्न बोलत बोलत सोडवण्यावर चालते. तिथे तुमचा आधीचा उद्योग ओझं ठरत नाही, उलट उपयोगी पडतो. ज्याने कारखान्यातला साठा कमी करून दाखवला आहे, त्याला ऑपरेशन्सच्या प्रकल्पात घ्यायला कंपनीला आवडतं. म्हणूनच इन्सिआडसारखं छोटं एमबीए असूनही तिथला सगळ्यात मोठा भरतीदार गट कन्सल्टिंगचाच असतो. यात एक मेख आहे. त्या आकड्यात कंपनीनेच पाठवलेले आणि पदवी घेऊन तिथेच परतणारे लोकही असतात. ‘इतके टक्के कन्सल्टिंगमध्ये गेले’ हे वाचताना त्यातले मुळात तिथलेच किती, हे माजी विद्यार्थ्यांना विचारून घ्या.

इन्सिआडच्या बाबतीत आणखी एक बारकावा. तिथे वर्षातून दोनदा प्रवेश असतो, आणि जानेवारीच्या तुकडीला मध्ये उन्हाळा मिळतो. ऑगस्टच्या तुकडीला तसा मोकळा वेळ नसतो. फी तीच, पदवी तीच, प्राध्यापक तेच; पण क्षेत्र बदलणाऱ्यासाठी या दोन तुकड्या म्हणजे जवळजवळ दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत.

या व्यवसायात ‘ट्रिपल जंप’ असा शब्द आहे. काम, उद्योग आणि देश, तिन्ही एकदम बदलणे. माहितीपत्रकांत असे लोक मोठ्या फोटोसकट छापलेले असतात. होतं तसं, नाही असं नाही, पण एका वर्षात तिन्ही बदलायचे म्हणजे पहिल्या महिन्यात वर्गमित्रांची नावं पाठ होण्याआधी अर्ज पाठवायला लागतात. कन्सल्टिंग वगळता, तिन्ही बदलायचेच असतील तर १५ महिन्यांच्या आतलं काही घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन बदलायचे असतील तर एक वर्ष पुरू शकतं. एकच बदलायचा असेल तर दोन वर्षं म्हणजे चैन आहे. परवडत असेल तर जरूर करावी.

आता परवाना. इथे भावना बाजूला ठेवून नियम वाचायचे असतात.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. याला ओपीटी म्हणतात. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडत असेल तर आणखी २४ महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं. बऱ्याच अमेरिकन स्कूल्सनी आपलं एमबीए किंवा त्यातली काही स्पेशलायझेशन्स स्टेममध्ये बसवून घेतली आहेत. पण सगळीकडे ते सरसकट नाही. कुठे संपूर्ण अभ्यासक्रम स्टेम असतो, कुठे ठरावीक मेजर घेतला तरच. ऑफर घेण्याआधी हे स्कूलकडून लेखी विचारा. ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेकारीचे ९० दिवसच चालतात हेही लक्षात असू द्या.

त्यानंतर एच-१बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा. जागा मर्यादित, म्हणून सोडत निघते. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार. नोंदणी मार्चमध्ये, काम ऑक्टोबरपासून. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी सुमारे ३.४४ लाख पात्र नोंदण्या आल्या आणि सुमारे १.२० लाख निवडल्या गेल्या. म्हणजे साधारण तिघांत एक. स्टेमची तीन वर्षं असतील तर या सोडतीत तीन वेळा नाव घालता येतं, नसेल तर एकदा, फार तर दोनदा. वरच्या पगाराच्या पातळीला सोडतीत अधिक वजन देणारा नियम डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. एमबीएच्या पगारांना त्याचा फायदा व्हायला हवा, पण पातळी पद आणि शहर पाहून ठरते, नुसत्या आकड्यावरून नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावण्याचा आदेश निघाला, तेव्हा बरीच धावपळ झाली. पुढच्या महिन्यात खुलासा आला की देशातच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ती रक्कम लागू नाही. खुलासा आला म्हणून विषय संपला असं मात्र समजू नका. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडाल तोवर नियम आणखी दोनदा बदलले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

युरोपात सोडत नाही, हा मोठा फरक. तिथे पगाराचा उंबरठा असतो. तो ओलांडला आणि कंपनी स्पॉन्सर असली की परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करसाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंडांची आहे. चांगल्या एमबीएचा पगार तिच्या बराच वर असतो. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. जर्मनीत पदवीनंतर १८ महिने, नेदरलँड्समध्ये एक वर्ष, स्वित्झर्लंडमध्ये सहा महिने. युरोपियन युनियनबाहेरच्यांसाठी स्वित्झर्लंडमध्ये कोटा आहे, त्यामुळे आयएमडी करून तिथेच राहीन असं गृहीत धरू नका. आयएमडीचे बरेच पदवीधर इतर देशांत जातात, आणि त्यात वावगं काही नाही.

एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. हे दरवाजे दोन्ही बाजूंनी सारखे उघडत नाहीत. ब्रिटनचा हाय पोटेन्शियल व्हिसा जगातल्या निवडक विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही दोन वर्षं देतो, आणि त्या यादीत हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी असतात. नेदरलँड्सचं शोधवर्षही जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांना खुलं आहे, पदवी त्या देशातली नसली तरी. उलट युरोपातल्या एमबीएला अमेरिकेच्या २० हजारांच्या कोट्यात जागा नाही आणि ओपीटीही नाही. तेव्हा नंतर अमेरिकेत जायचं नक्की असेल तर पदवी तिथलीच घ्या. युरोपातून जायचा एक सरळ मार्ग उरतो तो बदलीचा. बहुराष्ट्रीय कंपनीच्या परदेशातल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम केल्यावर एल-१ व्हिसावर तिच्याच अमेरिकेतल्या कार्यालयात जाता येतं. कन्सल्टिंगमध्ये अशा बदल्या होतात, पण त्या वरिष्ठांच्या मर्जीवर आणि कामाच्या गरजेवर असतात.

तुमच्या प्रश्नात पत्नीच्या नोकरीचा उल्लेख आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, जरी तुम्ही तो ओझरताच लिहिलेला असला. अमेरिकेत एफ-१ धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे दोन वर्षं घरात एकही पगार नाही, किंवा दोन वर्षं दोन देशांत संसार. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार बरोबर आणताच येत नाही. सूट मुख्यतः संशोधनाच्या अभ्यासक्रमांना. लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, सगळी एमबीए यात आली. दहा-बारा महिने वेगळं राहणं आणि एकवीस महिने वेगळं राहणं यातला फरक तुम्हा दोघांनी बसून ठरवायचा आहे. कोणताही सल्लागार तो ठरवू शकत नाही. मात्र ही चर्चा ऑफर आल्यावर न करता अर्जाआधी करा. प्रवेश मिळाल्यावर याच कारणाने मागे फिरलेली जोडपी मला माहीत आहेत, आणि तोवर परीक्षा, अर्ज, डिपॉझिट यांत चांगलाच पैसा गेलेला असतो.

पैशाचं गणित फीपुरतं मांडू नका. अमेरिकेतल्या सर्वात वरच्या स्कूल्सची फी वर्षाला ८० हजार डॉलरच्या आसपास आहे आणि राहणं, विमा, पुस्तकं धरून वर्षाचा खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. दोन वर्षांचे अडीच लाख. इन्सिआडची फी लाख युरोच्या थोडी वर आहे. लंडन बिझनेस स्कूलची एक लाख पौंडांहून बरीच जास्त, वर लंडनचं भाडं. या रकमेत बुडणारा पगार मिळवा. एक वर्षाच्या एमबीएत एक वर्षाचा पगार बुडतो, दोन वर्षांच्या एमबीएत दोन वर्षांचा, आणि त्यातून इंटर्नशिपचं मानधन वजा होतं. सहा वर्षांच्या अनुभवानंतर तुमचा पगार बऱ्यापैकी असेल तर हा आकडा फीइतकाच बोचतो.

दुसऱ्या पारड्यात कमाई. हार्वर्ड किंवा व्हार्टनसारख्या ठिकाणी २०२२ ते २०२४ मध्ये मूळ पगाराचा मध्यांक १ लाख ७५ हजार डॉलर होता, वर जॉइनिंग बोनस. युरोपातल्या वरच्या स्कूल्सचा साधारण लाख युरोच्या घरात. तफावत मोठी आहे, पण अमेरिकेतला आकडा तुम्हाला मिळेल तो तिथला परवाना मिळाला तरच. सोडतीत नाव न लागल्यामुळे दुसऱ्या देशातल्या कार्यालयात पाठवला गेलेला माणूस डॉलरमधलं कर्ज वेगळ्या चलनात फेडत बसतो. कर्ज ज्या चलनात, कमाईही त्याच चलनात, हे जमलं तर निम्मी काळजी मिटते.

स्कॉलरशिपबद्दल दोन वाक्यं. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड गरज पाहून मदत देतात, गुणवत्तेवर नाही. तिथे तुमची शिल्लक आणि मागच्या वर्षांची कमाई तपासली जाते, म्हणून ज्यांचा आधीचा पगार कमी त्यांना या ‘महागड्या’ स्कूल्स कधी कधी स्वस्त पडतात. त्यांच्या खालच्या थरातली अमेरिकन स्कूल्स जीमॅट या प्रवेशपरीक्षेतल्या चांगल्या गुणांवर मोठी गुणवत्ता स्कॉलरशिप देतात, तेवढी मोठी रक्कम युरोपात सहसा दिसत नाही.

रँकिंगकडे येतो, पण फार थांबणार नाही. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत इन्सिआड २०१६, २०१७ आणि २०२१ मध्ये पहिलं होतं. २०२३ च्या यादीत व्हार्टन नव्हतंच, कारण माजी विद्यार्थ्यांकडून पुरेशी उत्तरं आली नाहीत. पुढच्याच वर्षी ते पहिलं आलं. मधल्या काळात व्हार्टन बिघडलं आणि सुधारलं असं कोणी म्हणणार नाही. या यादीत पगार आणि पगारवाढ यांना मिळून साधारण एक तृतीयांश वजन असतं, आणि पगार क्रयशक्तीनुसार बदलून मोजतात, त्यामुळे स्वस्त देशात नोकरी करणाऱ्याचा पगार फुगून दिसतो. वर्गात किती देशांचे लोक आहेत यालाही गुण असल्याने युरोपियन स्कूल्स वर सरकतात. यूएस न्यूजच्या यादीत तर युरोप नसतोच. ‘ट्रिपल क्राउन’ मान्यतेचीही हीच गत: एएसीएसबी, इक्विस आणि ॲम्बा या तिन्ही मान्यता असल्याची जाहिरात युरोपात जोरात होते, तर हार्वर्डकडे यातली एकच आहे आणि त्याने त्याचं काही अडलेलं नाही.

वर्गातल्या वातावरणाचा फरक मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या वर्गात सरासरी वय २७-२८, परदेशी विद्यार्थी साधारण एक तृतीयांश किंवा थोडे जास्त, आणि वर्गाची संस्कृती ठळकपणे अमेरिकन. इन्सिआडमध्ये सरासरी वय २९ च्या आसपास, आयएमडीमध्ये तिशीच्या पुढे, आणि कोणत्याही एका देशाचं वर्चस्व नाही. २९ व्या वर्षी तुम्ही अमेरिकेत किंचित मोठे ठराल, इन्सिआडमध्ये अगदी मधोमध. ३२-३३ च्या अर्जदाराला मी अमेरिकन दोन वर्षांच्या वाटेपासून सहसा परावृत्त करतो. प्रवेश मिळणार नाही म्हणून नव्हे. पुढे मुलाखतीत पंचविशीतल्या मुलांबरोबर एकाच पायरीवर उभं राहावं लागतं म्हणून.

नेटवर्कबद्दल इतकं लिहिलं जातं की त्याचं मीठ कमी झालं आहे. हार्वर्डच्या एका वर्षाच्या तुकडीत नऊशेहून जास्त विद्यार्थी असतात, स्टॅनफर्डच्या सुमारे सव्वाचारशे. त्यांच्यातले पुष्कळ जण बोस्टन, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवटतात. इन्सिआड वर्षाला हजाराच्या आसपास लोक बाहेर काढतं, पण ते लंडन, दुबई, सिंगापूर, पॅरिस, साओ पाउलो असे विखुरतात. स्टार्टअपसाठी गुंतवणूकदार गाठायचे तर एकाच शहरातली दाटी उपयोगी. दर तीन-चार वर्षांनी देश बदलायचा तर विखुरलेलं जाळं उपयोगी.

आणि भाषा. युरोप इंग्रजीत शिकवतो, पण इंग्रजीत नोकरी देईलच असं नाही. पॅरिसमधल्या कन्सल्टिंग कार्यालयाला फ्रेंच लागतं, म्युनिकला जर्मन, माद्रिदला स्पॅनिश, तेही ग्राहकासमोर बोलता येईल इतकं. नुसत्या इंग्रजीवर लंडन, ॲमस्टरडॅम, काही प्रमाणात झुरिक, आणि युरोपाबाहेर आखाती देश व सिंगापूर एवढं मैदान उरतं. आखातातली कन्सल्टिंग कार्यालयं इन्सिआड आणि लंडनमधून बरीच माणसं घेतात. ‘मला युरोपात काम करायचं आहे’ असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या भाषेत? जर्मन बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे कामात सहज बोलता येईल इतकं आणलेल्या अर्जदाराला मानहाइम किंवा बर्लिनच्या ईएसएमटीसारखी तुलनेने स्वस्त वाट उघडते, आणि जर्मन उद्योगात सप्लाय चेनच्या अनुभवाला मागणीही आहे. भाषा नसेल तर तीच वाट फसवी.

स्कूल्सचे प्लेसमेंट अहवाल वाचताना तीन गोष्टी शोधा. टक्केवारीचा छेद कोणता आहे: सगळे विद्यार्थी की फक्त ‘नोकरी शोधणारे’? स्वतःचा उद्योग सुरू करणारे आणि कंपनीने पाठवलेले वगळल्यावर आकडा आपोआप सुंदर होतो. दुसरं, परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा रकाना आहे का? काही अमेरिकन स्कूल्स कायमचा परवाना असलेले आणि नसलेले असे आकडे वेगवेगळे देतात. तुमच्यासाठी तोच रकाना खरा. तिसरं, एकाच वर्षाचा अहवाल पाहू नका. हार्वर्डमध्ये पदवीनंतर तीन महिन्यांनी नोकरीशिवाय असलेल्या, पण शोधात असलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के होतं, २०२४ मध्ये २३. नाव तेच, इमारती त्याच, बाजार बदलला.

आता तुमच्यापुरतं. कन्सल्टिंग हवं आहे, ऑपरेशन्सचा भक्कम अनुभव आहे, वय २९ आहे, पत्नीची नोकरी चालू आहे आणि विशिष्ट देशाचा हट्ट दिसत नाही. या चौकटीत मी इन्सिआडची जानेवारी तुकडी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. उन्हाळा मिळतो, एकच पगार एकच वर्ष बुडतो, आणि लंडन, ॲमस्टरडॅम, आखात, सिंगापूर अशी चार मैदानं समोर राहतात. लंडन बिझनेस स्कूल दुसरं, १५ महिन्यांत संपवायच्या बेताने. जोडीदाराचा नियम माहीत असूनही चालणार असेल तरच. अमेरिकेत मी सरसकट अर्ज करणार नाही. जिथे एमबीए स्टेममध्ये बसतं आणि कन्सल्टिंगची भरती जोरात आहे अशी दोन स्कूल्स निवडा, केलॉग आणि शिकागोचं बूथ यांच्यापासून शोध सुरू करा. पत्नीच्या क्षेत्रात अमेरिकेतली कंपनी तिला स्वतंत्रपणे बोलावू शकत असेल, तर हा सगळा क्रम उलटेल आणि अमेरिका वर जाईल.

वेळापत्रक तुमच्या बाजूचं आहे. इन्सिआडच्या जानेवारी तुकडीच्या सुरुवातीच्या फेऱ्या आदल्या वर्षीच्या पूर्वार्धात असतात आणि त्यांचे निकाल साधारणपणे अमेरिकन स्कूल्सच्या सप्टेंबरमधल्या पहिल्या फेरीआधी कळतात. जीमॅट मार्चपर्यंत आटपा; नव्या ८०५ च्या मापात ६४५ म्हणजे जुने सुमारे ७००, आणि इंजिनिअर अर्जदारांच्या गर्दीत त्याहून वर असलेलं बरं. इन्सिआडला प्रवेश मिळाला तर जागा राखायला डिपॉझिट भरावं लागेल आणि ते सहसा परत मिळत नाही. ते भरूनही अमेरिकेचा अर्ज करायचा असेल तर डिपॉझिटची रक्कम त्या अर्जाचा खर्च म्हणूनच धरा, आणि सप्टेंबरची फेरी चुकवून जानेवारीच्या फेरीवर ढकलू नका, कारण तोवर तुमचा फॉन्तेनब्लोचा वर्ग सुरू झालेला असेल.